डॅशबोर्ड हिरवा, पण पेमेंट पेज अडकलेलं: कंटेनरमध्ये नक्की काय मोजायचं

तू विचारलंयस ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुला कळेल. हिंजवडीत तुमच्या टीमकडे ३८ सर्व्हिसेस कुबरनेटीसवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या-सांभाळणाऱ्या सिस्टिमवर, चालतात, बहुतेक जावा आणि थोड्या गो मधल्या. ग्राफाना या ग्राफ दाखवणाऱ्या टूलवर डॅशबोर्ड आहे, त्यात सीपीयू ३५-४० टक्के, मेमरी ठीक, पॉड (सर्व्हिसच्या चालू प्रती) सगळे रनिंग, सगळं हिरवं. आणि तरी रोज संध्याकाळी ७ ते ९ च्या मधे सपोर्टला फोन येतात की पेमेंट पेज नुसतं फिरत बसलंय. मॅनेजर म्हणतायत एखादं महागडं एपीएम (अॅपचा वेग मोजणारं) टूल घेऊन टाकू, आणि तुझा प्रश्न असा की दादा, कुठलं घेऊ.

टूलचं शेवटी बोलतो कारण आत्ता कुठलंही घेतलंस तरी त्याच चार गोष्टी जास्त सुंदर रंगात दिसतील. तुमचा डॅशबोर्ड सांगतोय की कंटेनर किती कामात आहे. ग्राहकाला त्याच्याशी घेणं नाही, त्याची रिक्वेस्ट कुठेतरी उभी आहे आणि ती कुठे उभी आहे हे तुमच्याकडे कोणी मोजतच नाहीये. संध्याकाळी भूमकर चौकात मिनिटाला किती गाड्या पुढे गेल्या एवढंच मोजलं तर चौक मस्त चाललाय असं दिसेल, गाड्या जातातच की, पण मागे आपण पाऊण तास उभे आहोत ते त्या आकड्यात कुठेच येत नाही. तर माझं सगळं उत्तर एवढ्यावरच उभं आहे की वाट बघणं मोजायचं. सीपीयूसाठी वाट, कनेक्शनसाठी वाट, डीएनएससाठी (नावावरून पत्ता शोधण्यासाठी) वाट, थ्रेडसाठी वाट. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम स्लो होते तेव्हा माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा कोणीतरी खूप काम करत नसतं, कोणीतरी कोणाची तरी वाट बघत असतं.

पहिला संशयित, आणि तुझ्या वर्णनावरून माझा सगळ्यात जास्त संशय याच्यावरच आहे, तो म्हणजे सीपीयू थ्रॉटलिंग. आपण पॉडला सीपीयू लिमिट १ लिहितो तेव्हा लोकांना वाटतं त्याला एक कोर वेगळा काढून दिला. तसं काही नसतं. खाली लिनक्सचं सीग्रुप असतं आणि ते वेळेचं रेशन देतं. १०० मिलिसेकंदांचा एक पीरियड धरलेला असतो, लिमिट १ म्हणजे त्या पीरियडमध्ये तुला १०० मिलिसेकंद सीपीयू वेळ, लिमिट अर्धा असेल तर ५०. आता नोड, म्हणजे पॉड ज्यावर चालतो ते मशीन, ८ कोरचा आहे आणि तुझ्या प्रोसेसचे ८ थ्रेड एकदम जागे झाले, तर ते आठही कोरवर एकाच वेळी पळतात आणि १०० मिलिसेकंदांचं रेशन साडेबारा मिलिसेकंदांत संपतं. उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सगळे थ्रेड थांबवून ठेवलेले, नोडवर बाकी कोर रिकामे असले तरीही. मग पुढचा पीरियड, परत तेच. ज्या रिक्वेस्टला एरवी ३० मिलिसेकंद लागतात तिला असे दोन-तीन पीरियड लागले की ती अडीचशेवर जाते, आणि अशा सहा सर्व्हिसेस एकामागे एक असतील तर तू स्वतःच हिशोब कर.

आणि हे सरासरीत का दिसत नाही ते बघ. एका मिनिटात असे ६०० पीरियड असतात. त्यातल्या २०० मध्ये रेशन पूर्ण संपलं आणि बाकीच्या ४०० मध्ये कंटेनर जवळजवळ रिकामा बसला, तर मिनिटाची सरासरी येते ३३ टक्के. तुझ्या डॅशबोर्डवर ३५ दिसतंय. मी असं म्हणत नाही की हेच आहे, पण ३५ टक्के हा आकडा थ्रॉटलिंग नाही याचा पुरावा होऊच शकत नाही.

हे मी स्वतः पोळून शिकलोय. काही वर्षांपूर्वी खराडीत एका बस बुकिंगच्या प्रॉडक्टवर होतो, गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं बुकिंग उघडलं की पहिल्या दहा मिनिटांत सगळा लोड यायचा. त्या वर्षी सीट सिलेक्ट करायला लोकांना आठ-आठ सेकंद लागत होते, आम्ही डेटाबेसवर शंका घेतली, मग नेटवर्कवर, मग एकाने रेडिस मोठं केलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुसऱ्या दिवशी शांतपणे बसून थ्रॉटलिंगचा ग्राफ काढला तर सीट मॅपच्या सर्व्हिसचे निम्म्याहून जास्त पीरियड थ्रॉटल झालेले, सीपीयूची सरासरी मात्र पूर्ण वेळ चाळिशीच्या खाली. लिमिट वाढवलं आणि त्रास गेला. ज्या लोकांना त्या दिवशी गावी जायचं तिकीट मिळालं नाही त्यांचं मला अजून वाईट वाटतं, कारण तो ग्राफ काढायला लागणारा डेटा आदल्या दिवशीही आमच्याकडे होता, कोणी बघितला नव्हता.

तुझ्याकडेही तो आहे. प्रत्येक नोडवर क्युबलेट हा कुबरनेटीसचा एजंट चालतो, त्याच्या आत सीअॅडव्हायझर असतो आणि तो दोन काउंटर देतो, एकूण सीएफएस पीरियड (वर सांगितलेले रेशनचे पीरियड) किती झाले आणि त्यातले थ्रॉटल किती झाले. दोन्हीचा पाच मिनिटांचा रेट काढ, दुसऱ्याला पहिल्याने भाग, कंटेनरप्रमाणे लाव, आणि काल संध्याकाळी ७ ते ९ बघ. एक-दोन टक्के असेल तर सोडून दे, लेटन्सीला, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या वेळेला, महत्त्व असलेल्या सर्व्हिसमध्ये १०-१५ च्या वर असेल तर आधी तिथेच हात घाल.

उपाय काय, तर इथे लोकांचे दोन पंथ आहेत आणि माझं मत स्पष्ट आहे. ग्राहक ज्या सर्व्हिसची वाट बघत बसतो तिथे सीपीयू रिक्वेस्ट (पॉडसाठी राखलेला सीपीयूचा वाटा) प्रामाणिकपणे मोजून लिहायची आणि लिमिट एकतर काढायचं किंवा भरपूर सैल ठेवायचं, कारण गर्दी झाली तर वाटप रिक्वेस्टच्या प्रमाणातच होतं, शेजाऱ्याचा हक्क बुडत नाही. बॅच जॉब्जना लिमिट ठेव, हरकत नाही. मेमरी लिमिट मात्र कधीही काढू नकोस, ते वेगळं प्रकरण आहे. सोबत रनटाइमला कंटेनरची जाणीव आहे ना ते तपास. जावा ८ वापरत असाल तर अपडेट १९१ च्या आधीचं जेव्हीएम (जावाचं रनटाइम) नोडचे सगळे कोर स्वतःचे समजतं आणि त्या हिशोबाने जीसीचे (नको असलेली मेमरी मोकळी करणारे) थ्रेड उघडतं. गो मध्ये तर १.२५ पर्यंत, म्हणजे २०२५ पर्यंत, रनटाइम कंटेनरचं लिमिट बघतच नव्हतं, ६४ कोरच्या नोडवर अर्ध्या सीपीयूचा पॉड ६४ थ्रेड समांतर पळवायला बघायचा. तुमच्या गो सर्व्हिसेस कुठल्या व्हर्जनवर बिल्ड होतात ते आजच बघ. अजून एक, जावाला तू जीसी सांगितला नाहीस आणि कंटेनरला २ पेक्षा कमी सीपीयू किंवा साधारण २ जीबीपेक्षा कमी मेमरी दिलीस तर तो बरेचदा गुपचूप सीरियल जीसी निवडतो, एकच थ्रेड आणि तोपर्यंत सगळं अॅप थांबलेलं. हे लॉगमध्ये कुठे लाल अक्षरात येत नाही, मुद्दाम बघावं लागतं.

आता सरासरी. तुमच्या डॅशबोर्डवर रिस्पॉन्स टाइमची सरासरी असेल तर ती आज काढून टाक, खरंच. समज एका सर्व्हिसच्या शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट फास्ट आणि एक स्लो, ऐकायला चांगलं वाटतं. पण तुमचं पेमेंट पेज उघडायला मागे दहा सर्व्हिसेस लागत असतील आणि प्रत्येकाची एक टक्का शक्यता स्वतंत्र धरली, तर निदान एक तरी स्लो निघण्याची शक्यता साडेनऊ टक्क्यांच्या वर जाते. दर दहा ग्राहकांमागे जवळपास एक. गूगलच्या जेफ डीन आणि लुईस बारोसो यांनी २०१३ मध्ये हाच हिशोब शंभर सर्व्हरचा मांडला होता, तिथे ६३ टक्के येतात. म्हणजे एका सर्व्हिसचा दुर्मिळ प्रकार हा ग्राहकासाठी रोजचा प्रकार होतो, आणि म्हणून आपण पी९५, पी९९ बघतो, म्हणजे ९५ किंवा ९९ टक्के रिक्वेस्ट किती वेळाच्या आत संपतात तो आकडा.

पण पी९९ मध्ये पण एक चूक मी प्रत्येक दुसऱ्या कंपनीत बघतो, प्रत्येक पॉड स्वतःचा पी९९ काढून पाठवतो आणि ग्राफानात त्या २० पॉडच्या पी९९ ची सरासरी लावलेली असते. त्या आकड्याला काहीही अर्थ नाही. पर्सेंटाइलची सरासरी काढता येत नाही, एका पॉडला दहा रिक्वेस्ट आल्या आणि दुसऱ्याला दहा हजार, दोघांना सारखं वजन कसं देणार. हिस्टोग्राम वापरायचा, म्हणजे वेळेच्या कुठल्या खणात (बकेटमध्ये) किती रिक्वेस्ट पडल्या ते मोजायचं, सगळ्या पॉडच्या बकेट आधी एकत्र बेरीज करायच्या आणि मग त्यावर पर्सेंटाइल काढायचा. बकेटच्या सीमा पण तुझ्या प्रश्नाप्रमाणे ठेव. प्रोमिथियस या मेट्रिक गोळा करणाऱ्या टूलच्या गो क्लायंटच्या डिफॉल्ट बकेट ५ मिलिसेकंदांपासून सुरू होऊन अडीच सेकंद, ५ सेकंद, १० सेकंद अशा जातात, आणि मधल्या जागेत तो अंदाजाने आकडा काढतो, म्हणजे सगळ्या रिक्वेस्ट २.६ सेकंदांच्या असल्या तरी पी९९ तुला पाचच्या जवळ दिसेल. पेमेंटला तुमचं टार्गेट ८०० मिलिसेकंद असेल तर ८०० वर एक सीमा पाहिजेच.

आणि घड्याळ कुठे सुरू होतं ते बघ, हे फार कमी लोक बघतात. अॅपच्या आतलं घड्याळ बहुतेक वेळा रिक्वेस्ट थ्रेडच्या हातात आल्यावर सुरू होतं. टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरचे डिफॉल्ट २०० थ्रेड असतात, ते सगळे अडकलेले असतील तर नवी रिक्वेस्ट बाहेर रांगेत तीन सेकंद उभी राहते, मग थ्रेड मिळतो, ८० मिलिसेकंदांत काम होतं, आणि तुमची मेट्रिक सांगते ८० मिलिसेकंद. सर्व्हिस खोटं बोलत नाही, तिला ती रांग दिसतच नाही. म्हणून तीच लेटन्सी इन्ग्रेसवर (क्लस्टरच्या प्रवेशदारावर) पण मोज आणि बोलावणाऱ्या सर्व्हिसच्या बाजूने पण मोज, आणि दोन्ही एकाच ग्राफवर एकावर एक लाव. त्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तुझी रांग. संध्याकाळी ७ ला ते अंतर रुंदावत असेल तर अर्धं काम झालं समज.

रांगेवरून कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसची उघडून ठेवलेली, वाटून वापरायची कनेक्शन. तुम्ही स्प्रिंग बूट वापरत असाल तर खाली हिकारी असणार, त्याचा डिफॉल्ट पूल १० कनेक्शनचा आणि कनेक्शन मिळेपर्यंत थांबायची मर्यादा ३० सेकंद. साधं गणित आहे, एक ट्रान्झॅक्शन कनेक्शन ४० मिलिसेकंद धरून ठेवत असेल तर एका पॉडमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५० जातील, पुरेसं आहे. पण कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून आतूनच पेमेंट गेटवेला कॉल केला असेल, आणि गेटवे संध्याकाळी ८०० मिलिसेकंद घेत असेल, तर तोच पूल सेकंदाला बारा-साडेबारावर येतो. तेराव्याने उभं राहायचं. डेटाबेसचा सीपीयू दहा टक्के, तुमचा सीपीयू पस्तीस टक्के, सगळे निवांत आणि ग्राहक तीस सेकंद अडकलेला. तुझी वेळ बघता, रोज संध्याकाळी ठरावीक तासात आणि फक्त पेमेंटला, हा माझा दोन नंबरचा संशयित आहे. हिकारी तीन आकडे देतं, वापरातली कनेक्शन, रिकामी कनेक्शन आणि कनेक्शनसाठी ताटकळणारे थ्रेड. तिसरा आकडा शून्याच्या वर टिकून राहिला की तो ग्राफ पहिल्या पानावर पाहिजे. आणि कोडमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत बाहेरचा कॉल आहे का ते आज ग्रेप करून (शब्द शोधून) बघ, दहा मिनिटांचं काम आहे.

यात एक वाईट गोष्ट अशी होते की लोक ऑटोस्केलिंग लावतात, पॉड २० चे ४० होतात, प्रत्येकाचे १० प्रमाणे ४०० कनेक्शन पोस्टग्रेस डेटाबेसवर जाऊन धडकतात, त्याची डिफॉल्ट मर्यादा १००, ती वाढवली असली तरी कुठेतरी असतेच. मग नव्या पॉडना कनेक्शनच मिळत नाही, ते तयारच होत नाहीत, आणि जुन्यांवरचा लोड वाढतो. आधी रांग कुठे आहे ते शोधायचं, मग पॉड वाढवायचे. उलटं केलं तर रांग फक्त एक घर पुढे सरकते.

डीएनएसचं थोडक्यात सांगतो पण हलक्यात घेऊ नकोस. कुबरनेटीस पॉडच्या रिझॉल्व्ह फाइलमध्ये एनडॉट्स ५ लिहून ठेवतं, म्हणजे ज्या नावात पाचपेक्षा कमी टिंबं आहेत ते आधी क्लस्टरच्या आतलं नाव समजून शोधलं जातं. पेमेंट गेटवेच्या नावात दोन टिंबं असतात, मग आधी तीन क्लस्टर डोमेन जोडून तीन वेळा नाही असं उत्तर घ्यायचं, चौथ्या वेळेला खरं नाव, आणि आयपीव्ही४ व आयपीव्ही६ दोन्ही विचारले तर एकेका कॉलमागे आठ क्वेरी. गर्दीत एखादं यूडीपी पॅकेट हरवलं तर लिनक्सचा रिझॉल्व्हर डिफॉल्ट ५ सेकंद थांबतो. तुमच्या लेटन्सीच्या ग्राफमध्ये बरोबर ५ सेकंदांवर एक वेगळा ढीग दिसत असेल तर इकडे तिकडे न शोधता सरळ कोअरडीएनएसकडे, म्हणजे क्लस्टरच्या डीएनएस सर्व्हरकडे, बघ. बाहेरच्या नावाच्या शेवटी एक टिंब दिलं तरी त्या जास्तीच्या क्वेरी टळतात, आणि नोड लोकल डीएनएस कॅश लावला तर अजून बरं.

मेमरीबद्दल. वापरलेली मेमरी असा जो आकडा असतो त्यात फाइल कॅश पण धरलेला असतो, तो बघून घाबरू नकोस, वर्किंग सेट (सहज मोकळी न करता येणारी मेमरी) बघ, तो लिमिटच्या किती जवळ आहे ते बघ. जेव्हीएमला काही सांगितलं नाही तर हीप (जावाच्या ऑब्जेक्टची जागा) कंटेनरच्या मेमरीच्या २५ टक्के, तिथे अनेकजण ९० टक्के करून टाकतात आणि मग थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस, डायरेक्ट बफर यांना जागा उरत नाही, कर्नल प्रोसेस मारतो आणि एक्झिट कोड १३७ येतो. मी साधारण ७० च्या आसपास सुरुवात करतो आणि मग मोजून बदलतो. असा ओओएम (मेमरी संपल्याचा) किल झाला की पॉड लगेच परत उभा राहतो आणि डॅशबोर्ड परत हिरवा, म्हणून रनिंग आहे का हा प्रश्नच चुकीचा, गेल्या तासात कितीदा रिस्टार्ट झाला हे विचार. आणि कुबरनेटीसचे इव्हेंट डिफॉल्ट फक्त एक तास टिकतात, सकाळी दहाला ऑफिसला येऊन रात्रीचे इव्हेंट शोधशील तर काही मिळणार नाही, ते कुठेतरी बाहेर साठवायची सोय कर.

लाइव्हनेस प्रोबचा, म्हणजे कंटेनर जिवंत आहे का या तपासणीचा, टाइमआउट पण तपास, डिफॉल्ट १ सेकंद असतो आणि तीनदा फेल झालं की कंटेनर रिस्टार्ट. थ्रॉटल झालेला कंटेनर एका सेकंदात उत्तर देत नाही, मग त्याला मारतात, त्याचा लोड शेजाऱ्यावर जातो, मग शेजारी. मारायची गरजच नव्हती, तो फक्त दमला होता. लाइव्हनेसच्या आत डेटाबेस चेक तर अजिबात टाकू नका, डेटाबेस पाच सेकंद अडला तर सगळे पॉड एकदम रिस्टार्ट होतील.

आता ट्रेसिंग, म्हणजे एकेका रिक्वेस्टचा सर्व्हिसेसमधला प्रवास नोंदवणं, कारण वरचं सगळं संशयावर चाललंय आणि ट्रेस म्हणजे पंचनामा. गूगलने २०१० मध्ये त्यांच्या डॅपर या ट्रेसिंग सिस्टिमबद्दल लिहिलं, मग ट्विटरचं झिपकिन आलं, उबरचं येगर आलं, आणि २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस एकत्र होऊन ओपनटेलिमेट्री झालं, आज नवीन काही करायचं तर तेच करायचं, दुसरा विचार नको. जावाला तर एजंट जोडला की कोडला हात न लावता बरंचसं मिळतं. रिक्वेस्टबरोबर ट्रेसपेरेंट नावाचा हेडर जातो, त्यात ३२ हेक्स अक्षरांचा ट्रेस आयडी असतो, तो प्रत्येक सर्व्हिसने पुढच्याला द्यायचा, एवढीच शिस्त. ही शिस्त दोन ठिकाणी मोडते, तुमचा स्वतःचा थ्रेड पूल असेल तिथे, आणि काफ्का किंवा कुठल्याही क्यूमध्ये मेसेज टाकताना. ट्रेस अर्ध्यात तुटलेला दिसला की आधी या दोन जागा बघ.

ट्रेस वाचताना नवीन लोक सगळ्यात लांब पट्टी शोधतात. तू पट्ट्यांमधली रिकामी जागा शोध. पालक स्पॅन (स्पॅन म्हणजे ट्रेसमधली एक पट्टी) ९०० मिलिसेकंद, त्याच्या आत डेटाबेसचा ३० आणि गेटवेचा १२०, मग उरलेले ७५० कुठे गेले? तिथे काहीच रंगवलेलं नसतं कारण तिथे कोणी काही करत नव्हतं. तीच वाट बघणं, कनेक्शनची, सीपीयूची, नाहीतर जीसीची. त्या क्षणाचा थ्रॉटलिंगचा आणि पूलचा ग्राफ बाजूला लाव, दहा मिनिटांत चोर सापडतो. मूल स्पॅन पालकाच्या आधी सुरू झालेला दिसला तर घाबरू नकोस, दोन नोडची घड्याळं जुळत नाहीयेत, क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू आहे का बघ.

सॅम्पलिंगबद्दल माझा आग्रह आहे. सुरुवातीलाच नाणेफेक करून एक टक्का ट्रेस ठेवायचे, असं बहुतेकजण करतात आणि मग नेमका अडकलेल्या ग्राहकाचा ट्रेस कधीच सापडत नाही. ओपनटेलिमेट्री कलेक्टरमध्ये टेल सॅम्पलिंग आहे, ट्रेस पूर्ण झाल्यावर ठरवायचं, एरर आहे किंवा ८०० मिलिसेकंदांच्या वर आहे तर ठेव, बाकीच्यातले थोडे नमुन्याला ठेव. कलेक्टरला मेमरी जास्त लागते आणि एका ट्रेसचे सगळे स्पॅन एकाच कलेक्टरकडे यावे लागतात, तेवढी मांडणी करावी लागते, पण पेमेंटसारख्या ठिकाणी हा खर्च मी डोळे मिटून करीन. लॉगच्या प्रत्येक ओळीत ट्रेस आयडी छापा म्हणजे ट्रेसवरून लॉगवर उडी मारता येते, लॉगबद्दल याहून जास्त मला सांगायचं नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळ नाहीतर मॉनिटरिंगच तुम्हाला आडवं करेल, ती म्हणजे लेबलची (मेट्रिकला लावलेल्या खुणांची) संख्या, कारण लेबलच्या प्रत्येक वेगळ्या जुळणीची एक वेगळी सिरीज साठते. एका सर्व्हिसचा हिशोब घे, ५० एंडपॉइंट, ५ प्रकारचे स्टेटस, १२ बकेट, २० पॉड, या नुसत्या गुणाकाराने ६० हजार सिरीज झाल्या, एका मेट्रिकच्या. प्रत्येक डिप्लॉयला पॉडची नावं बदलतात म्हणजे परत नव्या सिरीज. अशात कोणीतरी उत्साहाने लेबलमध्ये यूजर आयडी किंवा ऑर्डर नंबर टाकला की प्रोमिथियसची मेमरी संपते, आणि ती नेमकी गर्दीच्या वेळी संपते, म्हणजे जेव्हा बघायचं तेव्हाच दिवे गेलेले. यूजर आयडी ट्रेसमध्ये आणि लॉगमध्ये, मेट्रिकच्या लेबलमध्ये कधीच नाही. यूआरएल पण जशीच्या तशी नको, रूटचा साचा टाक.

अलर्टबद्दल मी जरा हळवा आहे, कारण रात्री दोनला फोन वाजतो तेव्हा घरातली लहान मुलं पण उठतात. सीपीयू ८० टक्के झाला म्हणून कोणाला उठवू नका. ग्राहकाला त्रास होतोय का एवढ्यावरच उठवा. पेमेंटचं वचन ९९.९ टक्के ठेवलंत तर ३० दिवसांत ४३ मिनिटांचं बजेट मिळतं. ते किती वेगाने जळतंय त्यावर अलर्ट लावा. तासाभरात महिन्याच्या बजेटचे दोन टक्के गेले, म्हणजे वेग १४.४ पट, तर फोन. हळूहळू झिरपत असेल तर सकाळी बघायचं तिकीट. थ्रॉटलिंग, पूल, रिस्टार्ट हे सगळे ग्राफ उठल्यावर कारण शोधायला आहेत, उठवायला नाहीत.

आणि टूल. तुमच्याकडे प्रोमिथियस आणि ग्राफाना आहेच, त्यात ओपनटेलिमेट्री कलेक्टर आणि ट्रेससाठी येगर किंवा टेम्पो, एवढ्यात ३८ सर्व्हिसेस आरामात सांभाळता येतात, पण एका माणसाचा निम्मा वेळ त्याला कायमचा द्यावा लागतो. तो माणूस तुमच्याकडे नसेल किंवा मॅनेजर द्यायला तयार नसतील तर विकतचं घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त इन्स्ट्रुमेंटेशन ओपनटेलिमेट्रीनेच करा, त्या कंपनीच्या स्वतःच्या एजंटने नको, म्हणजे वर्षभरानंतर बिल झेपलं नाही तर कोड न बदलता दुसरीकडे जाता येईल. आणि करार करण्याआधी त्यांना विचार की किंमत होस्टवर आहे, कंटेनरवर आहे की डेटाच्या आकारावर, कारण कंटेनर सकाळी १०० आणि संध्याकाळी ३०० असतात.

पण पैसे खर्च करायच्या आधी या आठवड्यात एवढं कर. आज थ्रॉटलिंगचा ग्राफ. उद्या हिकारीचे ताटकळणारे थ्रेड आणि ट्रान्झॅक्शनच्या आतले बाहेरचे कॉल. बुधवारी इन्ग्रेसची लेटन्सी आणि सर्व्हिसची लेटन्सी एकावर एक. गुरुवारी फक्त पेमेंट आणि त्याच्या मागच्या दोन सर्व्हिसना जावा एजंट लाव, ३८ च्या ३८ ना एकदम नको, आणि संध्याकाळी सात वाजता समोर बसून बघ. सगळ्यात स्लो तीन ट्रेसचे स्क्रीनशॉट आणि त्याच वेळेचे पहिले दोन ग्राफ मला पाठव, ग्राहकांची माहिती झाकून. सीपीयू लिमिट, गोचं व्हर्जन आणि हिकारीचा पूल साइज पण लिहून पाठव, म्हणजे शनिवारी फोनवर बसून पुढचं बघू.